खिसे वाढवू नका, जागा ठरवा

वाचकाचं पत्र:

गेल्या वर्षी छोटा मिररलेस कॅमेरा घेतला. दोन लेन्स आहेत. सुटीच्या दिवशी रस्त्यांवर, बागांत, गर्दीत फोटो काढत हिंडते. सुरुवातीला पाठीवरची चांगली पॅडवाली सॅक घेतली होती, पण तिच्यातून काहीही काढायचं तर आधी ती उतरवायची, म्हणून ती आता घरीच असते. बॅटऱ्या, मेमरी कार्डं, लेन्सच्या तोंडावर लावायचे दोन-तीन फिल्टर, पुसायचं कापड, लेन्सची टोपणं असं सगळं खिशांत आणि पर्समध्ये कोंबते. निम्म्या कपड्यांना खिसेच नाहीत, आणि ज्यांना आहेत त्यांत फोनसुद्धा अर्धा बाहेर राहतो. परवा ऐन वेळी भरलेली समजून संपलेलीच बॅटरी पुन्हा घातली. बहीण म्हणते, ते फोटोग्राफर लोकांचं पुष्कळ खिशांचं जॅकेट घे. नवरा म्हणतो, अजून एक बॅग घे. मला दोन्ही नकोसं वाटतं. पुढच्या महिन्यात विमानप्रवासही आहे. काय करू?
— खिसे चाचपणारी

उत्तर:

नमस्कार,

बहीण आणि नवरा दोघंही एकच गृहीत धरताहेत: वस्तू सापडत नाहीत, म्हणजे ठेवायला जागा कमी पडते. मला तुमच्या पत्रातून उलटंच दिसतं. जागा जास्त झाल्या आहेत. पँटचे खिसे, जॅकेटचे खिसे, पर्स, पर्सच्या आतले कप्पे. बॅटरी यांपैकी कुठेही असू शकते, आणि म्हणून ती कुठेच नसते. अठरा खिशांचं जॅकेट आणलंत तर शोधायच्या जागा अठरांनी वाढतील. तेव्हा तूर्त काही विकत घेऊ नका.

आधी सगळं सामान एका चादरीवर ओता आणि त्याचे ढीग करा, पण वस्तूंच्या प्रकारांप्रमाणे नव्हे. पहिल्या ढिगात ते ठेवा, जे डोळा दृश्यावर असतानाच हाताला लागलं पाहिजे. दुसऱ्यात, जे थांबून, खाली बघून काढलं तरी चालतं. तिसऱ्यात, ज्याला मागच्या काही खेपांत हातच लागलेला नाही. तिसरा ढीग घरी राहील, आणि तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोठा निघेल. पहिला मात्र आश्चर्य वाटावं इतका लहान असतो: एक भरलेली बॅटरी, रिकामी कार्डं, एक कापड आणि आत्ता लावलेल्या लेन्सचं टोपण. अंगावर फक्त एवढंच. दुसरी लेन्स, फिल्टर आणि बाकीचं बॅगेत.

फिल्टरांची गर्दी इथेच कमी करता येते. तुमच्या दोन लेन्सच्या तोंडांचे आकार वेगळे असतील, एक 52 मिलिमीटरची आणि दुसरी 67 ची असं काही. फिल्टर फक्त मोठ्या मापाचे ठेवा आणि लहान लेन्ससाठी एक स्टेप-अप रिंग घ्या. ती धातूची पातळ कडी असते; लहान लेन्सवर फिरवली की मोठा फिल्टर तिच्यावर बसतो. लहान लेन्सचं हूड, म्हणजे तोंडावरचं ऊन अडवणारं कडं, अशा वेळी बहुधा बसत नाही, तेवढी तडजोड आहे. पण फिल्टरांच्या दोन जोड्या वागवण्यापेक्षा ती परवडते.

आता बॅटरीचं. तुमचं जे झालं ते टाळायला खास डबी वगैरे लागत नाही, नियम लागतो: भरलेली उजवीकडे, संपलेली डावीकडे. कॅमेऱ्यातून निघालेली बॅटरी उजव्या खिशात परत जाणार नाही, म्हणजे नाहीच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सुटी बॅटरी किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर एका खिशात कधीही टाकू नका. धातूचा तुकडा तिच्या दोन टोकांना एकाच वेळी टेकला तर शॉर्ट सर्किट होऊन ती झपाट्यानं तापते, आणि लिथियमची बॅटरी खिशात तापणं ही चेष्टेची बाब नाही. बरोबर आलेलं प्लॅस्टिकचं झाकण म्हणूनच असतं. हरवलं असेल तर टोकांवर चिकटपट्टी लावा.

कार्डांचाही असाच रिवाज ठेवा. एसडी कार्ड 32 बाय 24 मिलिमीटरचं, जेमतेम 2 मिलिमीटर जाडीचं. मोकळ्या खिशात ते रुमालाबरोबर बाहेर येतं आणि पडल्याचा आवाजही होत नाही. शिवाय त्याची तांब्यापितळेसारखी दिसणारी टोकं मागच्या बाजूला उघडीच असतात, खिशातला कापसाचा भुगा त्यांत बसतो. घड्या घालायचं छोटं कार्ड-पाकीट घ्या. रिकामं कार्ड नावाची बाजू वर ठेवून, भरलेलं पालथं. जोडीला भरलेल्या कार्डाची कडेची लॉकची खिट्टी खाली सरकवा, म्हणजे चुकून परत घातलंत तरी कॅमेरा त्यावर काही लिहिणार नाही.

बॅगेच्या झाकणाला लोहचुंबकाचं बटण असेल तर कार्डावरचं सगळं पुसलं जातं, असं सांगणारं कुणीतरी तुम्हाला भेटेलच. कार्डातल्या फ्लॅश मेमरीत माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते, चुंबकीय रूपात नाही, त्यामुळे अशा बटणानं कार्डाला काही होत नाही. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क वेगळी, पण ती घेऊन कुणी रस्त्यावर फोटो काढत नाही.

आता कपडे. खिसा चांगला की वाईट हे त्याच्या आकारावरून कळत नाही. वाकून, बसून आणि पळून कळतं. घरीच करून बघा. छातीचा खिसा उघडा असेल तर कमरेत वाकताच त्यातलं सगळं जमिनीवर येतं, आणि फोटो काढणारा माणूस दिवसभर वाकतच असतो. तिथे चेन किंवा टिचबटण हवंच. मागच्या खिशात फिल्टर ठेवणाऱ्यांच्या फिल्टरचं आयुष्य पहिल्या बाकड्यापर्यंत. मांडीवरचे कार्गो खिसे दिसायला सोयीचे, पण त्यांत जड काही टाकलं की प्रत्येक पावलाला ते गुडघ्याजवळ आपटतं. कापड, कार्ड-पाकीट, रेनकव्हर यांनाच ते बरे. जॅकेटच्या बाजूच्या खिशात लेन्स मावते म्हणून ठेवायची नसते. जॅकेट त्या बाजूला ओघळतं, आणि दारातून वळताना लेन्स चौकटीवर बसते. बॅटरी बहुधा शंभर ग्रॅमच्या आतच असते. तेवढंच वजन कापडाच्या खिशाला शोभतं, आणि तेही दोन्ही बाजूंना सारखं.

खिसे नसलेल्या कपड्यांचा उपाय बाजारात शोधू नका, शिंप्याकडे जा. बायकांच्या कपड्यांवर खिशांच्या बाबतीत अन्याय होतो हे खरंच आहे, पण बाजूच्या शिवणीत खिसा घालणं हे कुठल्याही शिंप्यासाठी किरकोळ काम आहे. जॅकेटला आतून, अस्तरावर, छातीच्या उंचीला एक चेनचा खिसा लावून घ्या. खिशाचं कापड घट्ट विणीचं सुती सांगा. ताणणाऱ्या कापडाचा खिसा वजनानं लोंबतो, आणि लोकरीच्या किंवा केसाळ कापडाचा भुगा लेन्सवर जातो. हात घालायची तिरकी फट तुमचा हात कॅमेरा धरलेल्या स्थितीतून कसा खाली येतो ते दाखवून मग ठरवा. शिंपी आधी चकित होईल, मग त्याला मजा वाटेल.

तुमचा कॅमेरा किती लहान आहे हे पत्रात नाही. रिको जीआर थ्री हा बॅटरी-कार्डासह 257 ग्रॅमचा, जेमतेम 33 मिलिमीटर जाडीचा कॅमेरा आहे. असा असेल तर तोच खिशात जातो. पण ज्यांची लेन्स आत-बाहेर सरकते, ते कॅमेरे सरकताना खिशातली धूळ आत ओढू शकतात. त्यांना पातळ कापडी पिशवीत घालून मगच खिशात ठेवावं, आणि त्या खिशात दुसरं काहीच नसावं.

बहिणीच्या जॅकेटबद्दल दोन शब्द. ते वाईट नाही, त्याचं काम वेगळं आहे. मैदानाच्या कडेला दोन कॅमेरे घेऊन तासन्‌तास उभं राहायचं असेल आणि बॅग ठेवायला जागा नसेल, तर ते उपयोगी पडतं. वजन दोन्ही खांद्यांवर वाटलं जातं. तुम्ही मात्र गर्दीत, न कळत फोटो काढायला जाता, आणि ते जॅकेट दुरूनच ओरडून सांगतं की फोटोग्राफर आला. उन्हात ते उकडतं ते वेगळंच. त्यातल्या खिशांना वेल्क्रो असेल तर शांत जागी तो फर्र आवाज सगळ्यांच्या माना वळवतो. माझं मत: घेऊ नका.

नवऱ्याचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे. बॅग हवी, पण लहान, आणि अंगावरून न उतरवता उघडणारी. तुमची सॅक म्हणजे नाकापेक्षा मोती जड. अशा सॅका रिकाम्या असतानाच दीड-दोन किलो भरतात, आणि तुमचा कॅमेरा दोन लेन्ससह बहुधा त्याहून हलकाच असेल. लांब चालायचं, डोंगर चढायचा, तर सॅकसारखं काही नाही, विशेषतः कमरेचा पट्टा घट्ट करून वजन खांद्यांवरून नितंबांवर घेतलं तर. फोटो मिनिटामिनिटाला काढायचे, तर ती पाठीवरून पुढे येईपर्यंत क्षण गेलेला असतो.

ही अडचण जुनीच आहे. जिम डॉमकी हे फिलाडेल्फियातल्या वृत्तपत्राचे छायाचित्रकार. त्यांना कडक पेट्यांसारख्या बॅगा कामाला अडचणीच्या वाटत, म्हणून 1970च्या दशकात त्यांनी कॅनव्हासची मऊ, अंगाला चिकटून राहणारी खांद्याची बॅग बनवून घेतली. ती पुढे वृत्तछायाचित्रकारांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसत राहिली. इंग्लंडमधली बिलिंगहॅम ही बॅगांची कंपनी 1973 साली सुरू झाली ती गळ टाकून मासे पकडणाऱ्यांच्या पिशव्या शिवत. कॅमेरेवाल्यांनी त्या आपल्या कामाला लावल्या आणि कंपनीनं दिशा बदलली. दोन्हींत समान काय, तर वरून उघडणं, मऊपणा, आणि हात सरळ आत जाणं. बॅग निवडताना मी तेच बघते. पॅड किती जाड हे नंतर.

तुमच्यासाठी दोन पर्याय. एक म्हणजे स्लिंग, पाठीवरून पुढे ओढता येणारी, एकाच तिरक्या पट्ट्याची लहान बॅग. दुसरा, कमरेचा पाऊच. छातीवरून तिरका जाणारा पट्टा सगळ्या बायकांना सोयीचा बसतो असं नाही, आणि कॅमेऱ्याचा पट्टाही तिरकाच असेल तर दोघांचा गुंता होतो. स्लिंगच घ्यायची तर आधी ती अडकवा, कॅमेरा तिच्यावरून. वारंवार काढायची वस्तू सगळ्यात वर. किंवा कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा काढून मनगटाचा लावा, निम्मा गुंता तिथेच सुटतो. मला विचाराल तर किलोभर सामानाला कमरेचा पाऊच सर्वांत सुखाचा. खांदा भरून येत नाही आणि पोटासमोर फिरवला की लेन्स बदलायला लहानसं टेबल मिळतं.

आत एक कप्पा मुद्दाम रिकामा ठेवा. हे कुणी सांगत नाही. लेन्स बदलताना काढलेली लेन्स क्षणभर कुठेतरी ठेवावी लागते, आणि बॅग ठासून भरलेली असेल तर माणूस तिसरा हात शोधू लागतो. रिकामा कप्पा असला की काढलेली त्यात जाते, नवी कॅमेऱ्यावर येते, आणि आता नव्या लेन्सचा कप्पा रिकामा.

वेगळी बॅग नकोच असेल तर हल्ली पॅडचे सुटे कप्पे मिळतात, इन्सर्ट म्हणतात त्यांना. तुमच्या नेहमीच्या पर्समध्ये किंवा कापडी पिशवीत तो बसवला की झाली कॅमेऱ्याची बॅग, आणि बाहेरून कुणाला पत्ता नाही. गर्दीत हा मोठा फायदा. कंपनीचं नाव ठळक छापलेला पट्टाही त्याच कारणानं बदलून टाका. बाकड्यावर बसाल तेव्हा बॅग खाली ठेवून तिच्या पट्ट्यात पाय अडकवा. आणि चेन उघडी ठेवून बॅग उचलायची नाही, अगदी दोन पावलं जायचं असलं तरी.

लेबलांवर 500 डी, 1000 डी असं लिहिलेलं दिसेल. हा डी म्हणजे डेनियर, 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा जितका मोठा तितका धागा जाड. तुमच्या आकाराच्या बॅगेला 500 पुरे. हजाराची बॅग जास्त टिकेल, पण ती स्वतःच जड आणि ताठ असते. चेनवर पाणीरोधक लिहिलं असलं तरी ती पावसाचे शिंतोडे अडवते, संततधार नव्हे. रेनकव्हर वेगळं ठेवा.

कपड्यांच्या रंगाचा विचार बहुतेक जण फक्त पक्ष्यांच्या फोटोपुरता करतात. खरं तर तो जवळून चेहरा टिपताना जास्त लागतो. लालभडक शर्ट घालून हातभर अंतरावरून कुणाचा फोटो काढलात, तर उजेड तुमच्या शर्टावर पडून त्याच्या गालावर लाल झाक टाकतो, आणि नंतर ती काढताना नाकीनऊ येतात. राखाडी, काळा, मातकट रंग बरे. काचेपलीकडचं काही टिपायचं असेल, दुकानाची खिडकी किंवा मत्स्यालय, तर गडदच घाला. पांढऱ्या कपड्यातली तुम्ही काचेत हमखास उमटता. प्राण्यांच्या बाबतीत एक गंमत आहे. हरणांना लाल-नारिंगी रंग आपल्यासारखा वेगळा दिसत नाही, पण निळा चांगला दिसतो. म्हणजे जंगलात निळी जीन्स हीच चुकीची निवड. पक्ष्यांना मात्र आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात. तिथे रंगापेक्षा स्थिर बसणं कामाला येतं, आणि सळसळणारं नायलॉनचं जॅकेट न घालणं. सैनिकी ठिपक्यांचे कपडे उगाच नकोत. बार्बाडोस, जमैका अशा काही देशांत ते सामान्य नागरिकानं घालणं हा गुन्हाच आहे.

आणखी काही फुटकळ. कॅमेरा छातीवर लोंबतो तेव्हा जॅकेटची चेन आणि धातूची बटणं त्याच्या पडद्याला ओरखडे काढतात, म्हणून बटणं आत लपतील असा शर्ट बरा. पुढे झाप असलेली टोपी डोळा कॅमेऱ्याला लावताना आपटते. उलटी फिरवा किंवा मऊ काठाची घ्या. डास पळवणाऱ्या मलमात डीईईटी हे रसायन असेल तर ते प्लॅस्टिक आणि रबर खराब करतं. लावल्यावर हात पुसून मगच कॅमेरा धरा, आणि ती नळी कापडाच्या खिशात तर मुळीच नको.

थंडीत बॅटरीची ताकद तात्पुरती घटते, म्हणून जादाची बॅटरी त्या नव्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. उन्हाळ्यात मात्र त्याच खिशात घाम झिरपतो, तेव्हा तिथे लेन्स ठेवू नका. गारठ्यातून उबदार खोलीत येण्याआधी, बाहेरच, कॅमेरा हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टाका आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर काढा. पाणी पिशवीवर साचेल, लेन्सवर नाही. भिजून आल्यावर सामान बॅगेत तसंच कोंबून ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. सगळं बाहेर काढा, बॅग उघडी वाळवा. लेन्स ठेवायच्या जागी आर्द्रता 40 ते 50 टक्के असली की चिंता नाही.

आणि विमानाचं. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकायच्या नाहीत, त्या हातातल्या सामानातच, टोकं झाकून. मर्यादा प्रत्येकी 100 वॉट-तासांची असते. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणा: 7.2 व्होल्ट, 2280 मिलीअँपिअर-तासांची (म्हणजे 2.28 अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे साधारण 16.4 वॉट-तास. तुम्ही मर्यादेच्या आसपासही नाही. 100 ते 160 मधल्या बॅटऱ्यांना विमान कंपनीची परवानगी लागते, पण तेवढ्या मोठ्या बॅटऱ्या व्हिडिओवाले वापरतात. सुरक्षा तपासणीत खिसे रिकामे करायला लावतात, तेव्हा कार्ड-पाकीट ट्रेमध्ये सुटं टाकू नका. आधीच पाऊचमध्ये घाला, चेन लावा, आणि मग पाऊच ट्रेमध्ये ठेवा.